शाळेच्या मंडळाची पेटी आणि आपला गल्ला

असरची नमाज अदा करून दुकानात येऊन बसावे, तोच दोन-तीन शाळकरी मुले पावतीबुक घेऊन पायरीवर उभी राहतात. आपण गिऱ्हाइकाशी बोलत असतो. न बघताच दहाची नोट काढून देतो. मुले पावती फाडून पुढच्या दुकानात जातात आणि ती पावती संध्याकाळपर्यंत केराच्या टोपलीत जाऊन पडते. आपल्या बाजारपेठेत हे दृश्य नेहमीच पाहावयास मिळते. आपण त्याला मदत म्हणतो. खरे पाहता, पीडा टाळण्यासाठी दिलेले ते दहा रुपये असतात.

एकदा मी मुलांना सहज विचारले, "कशासाठी रे बाळांनो?"

"विज्ञान मंडळासाठी, चाचा."

"काय करणार मंडळ?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. "सरांनी सांगितलंय," एवढेच उत्तर आले.

दोष मुलांचा नव्हता. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते आणि आम्ही दुकानदारांनीही कधी विचारले नव्हते. शाळेला अनुदान असले तरी ते बहुतांशी पगारात संपते. विज्ञान मंडळ, वाचन मंडळ, क्रीडा मंडळ, चित्रकला मंडळ यांच्या वाट्याला फारसे काही येत नाही. विनाअनुदानित शाळेत तर विचारावयासच नको. मग मुलांच्या हाती पावतीबुक दिले जाते. हे बदलता येईल काय, आणि त्यात आपल्यासारखे व्यापारी व कारागीर काय करू शकतात, याविषयी अनुभवाचे चार शब्द लिहीत आहे.

सोडतीचा धडा

माझा धंदा बुकबाइंडिंगचा. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका शाळेने मंडळाच्या निधीसाठी सोडत काढण्याचे ठरविले. पहिले बक्षीस सायकल. दहा रुपयांचे एक कुपन आणि प्रत्येक विद्यार्थ्याने वीस कुपने खपवायची. ती कुपनबुके मीच बांधून दिली. नंबरिंग मशीनने त्यावर आकडेही मीच मारले. काम शाळेचे म्हणून मजुरी घेतली नाही, याचे मनात समाधान होते.

महिनाभराने एक बाई वह्या घेण्यासाठी दुकानात आल्या. साडीला फॉल लावणे, पिको करणे यावर त्यांचे घर चालते. मुलगी सहावीत. बाई संकोचाने म्हणाल्या, "भाई, या महिन्यात वह्या उधार द्याल का? पोरीची कुपनं खपली नाहीत. चारच गेली. बाकीचे एकशे साठ रुपये मी भरले."

मी वह्या दिल्या, पण त्या रात्री झोप आली नाही. त्या कुपनांवरचे आकडे माझ्या हातचे होते. पुढे कळले की मुलीने मंडळात जाणे सोडले आहे. सायकल लागली ती ज्याच्या घरी आधीच दोन सायकली होत्या त्याला.

यात दोन चुका होत्या. पहिली दीनची. पैसे देऊन नशिबावर बक्षिसाची आशा धरणे हा जुगाराचाच प्रकार आहे आणि जुगाराला कुरआनने सूरह माइदामध्ये स्पष्ट मनाई केली आहे. शाळेचे नाव दिल्याने तो हलाल होत नाही. दुसरी चूक व्यवहाराची. मुलांवर विक्रीचा कोटा लादला की श्रीमंताच्या मुलाची कुपने बापाच्या गोदामात खपतात आणि गरिबाच्या मुलाची आईच्या पदरात पडतात. म्हणजे ज्याला मदत व्हावी, त्याच्याचकडून वसुली!

पालकांच्या सभेत मी हे बोललो. नाव कोणाचे घेतले नाही. मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "चूक कळली. आता उपायही तुम्हीच सांगा." अशा रीतीने हे काम गळ्यात पडले.

आधी गरज कागदावर

व्यापारी माल भरण्यापूर्वी यादी करतो. मंडळानेही प्रथम तेच करावे. आमच्या मुलांनी शिक्षकांसोबत बसून यादी केली. विद्यार्थ्यांसाठीचा सूक्ष्मदर्शक ६,००० रुपये. भिंगे, चुंबक, तारा, बॅटऱ्या २,५०० रुपये. मुंबईतील वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या सहलीसाठी १२ गरजू मुलांचा प्रत्येकी ५०० प्रमाणे खर्च ६,००० रुपये. किरकोळ ५०० रुपये. एकूण १५,००० रुपये.

हा कागद मंडळाच्या फलकावर लावला. रक्कम ठरली की मागणाऱ्याला बोलता येते आणि देणाऱ्याला विश्वास वाटतो. शिवाय थांबायचे कोठे हेही कळते. लक्ष्य पूर्ण झाले की पेटी बंद करावी.

आपापल्या धंद्यातून निघालेले उपाय

यानंतर आम्ही पाच-सहा धंद्यांची माणसे एकत्र बसलो. प्रत्येकाने आपल्या कसबातून काय निघेल ते सांगावे, असे ठरले. पैसा कोणीच मागितला नाही. पुढे जे झाले ते आकड्यांसह देत आहे. भाव गावागणिक वेगळे असतील, रीत तीच राहील.

१) रद्दी : मुलांनी सुट्टीच्या दिवशी घरोघरची रद्दी जमविली. २५० किलो भरली. किलोला १२ रुपये मिळाले आणि ३,००० रुपये जमा झाले. येथे एक काळजी आवर्जून घ्यावी. उर्दू वृत्तपत्रे, कॅलेंडरे, लग्नपत्रिका यांवर अल्लाहचे नाव किंवा आयती छापलेल्या असतात. मुलांनी असे कागद निवडून वेगळे काढले आणि मशिदीत जमा केले. निवडीचे हे काम मोठ्या मुलांकडे आणि एका शिक्षकाकडे द्यावे.

२) रफ वह्या : वर्ष संपले की वहीच्या शेवटी कोरी पाने उरतात. मुलांनी ३०० जुन्या वह्या आणल्या. सरासरी वीस पाने कोरी निघाली. ६,००० पानांच्या, प्रत्येकी साठ पानी अशा १०० वह्या झाल्या. पुठ्ठा, दोरा, खळ यांचा खर्च वहीमागे ६ रुपये, विक्री २० रुपये. नफा १,४०० रुपये. पाने जुळविणे, शिवणे, खळ लावणे हे मुलांनी माझ्या दुकानात बसून केले. कटिंग मशीनला मात्र मी एकाही मुलाला हात लावू दिला नाही. धारेचे आणि विजेचे काम कारागिरानेच करावे.

३) कापडी पिशव्या : कापड दुकानदाराने तागे संपताना उरलेले तुकडे दिले. शिलाईचे ८ रुपये, पट्टी व दोऱ्याचे २ रुपये, दुकानाच्या नावाच्या छपाईचे ४ रुपये, असा पिशवीमागे १४ रुपये खर्च. विक्री ३० रुपये. किराणा दुकानदाराने १००, औषध दुकानदाराने ५० आणि अत्तरवाल्याने ५० पिशव्यांची मागणी आधीच नोंदविली. ईदच्या खरेदीला येणाऱ्या गिऱ्हाइकांना देण्यासाठी त्यांना त्या हव्याच होत्या. निम्मी रक्कम, म्हणजे ३,००० रुपये आगाऊ घेतली. एकूण खर्च २,८०० रुपये, तो आगाऊ रकमेतच भागला. मंडळाला पदरचे भांडवल घालावे लागले नाही. नफा ३,२०० रुपये.

शिलाईचे काम तीन महिलांना दिले आणि मजुरी रोखीने, माल हाती येताच दिली. काहींचे म्हणणे होते की शाळेचे काम आहे, बायका फुकट शिवून देतील. मी त्याला साफ नकार दिला. ज्याचे पोट हातावर आहे त्याच्याकडून पुण्याच्या नावाने बिगारी करून घेणे हे पुण्य नव्हे. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही हजरत पैगंबर (स.) यांची शिकवण आपण भिंतीवर लावतो. ती गल्ल्यातही असावयास हवी.

४) सायकल दुरुस्तीचा दिवस : तीन सायकल मिस्त्रींनी एका रविवारची अर्धी मजुरी मंडळाला दिली. शाळेच्या आवारात सायकल धुणे, तेल देणे, ब्रेक आवळणे यासाठी ३० रुपये ठेवले. सुटे भाग लागल्यास खरेदीच्या भावाने. ८० सायकली आल्या. २,४०० रुपयांतून तेल, चिंध्या, सोल्यूशन यांचे ४०० वजा जाता २,००० रुपये राहिले. मुलांनी चेन साफ केली आणि पुढचे चक्र एकदा फिरले की मागचे किती वेळा फिरते, हे मोजून लिहिले. विज्ञान मंडळाचा तो तास कोणीच विसरणार नाही.

५) नानकटाई : अन्न नोंदणी असलेल्या बेकरीकडून पाव किलोचे १०० डबे परतीच्या बोलीवर घेतले. घाऊक ५० रुपये, विक्री ६५ रुपये. स्नेहसंमेलनाच्या दिवशी पाऊस आला आणि ७० डबेच खपले. ३० परत गेले. नफा १,०५० रुपये. माल परतीच्या बोलीवर नसता तर १,५०० रुपयांचा फटका बसून सगळा नफा बुडाला असता. नाशवंत मालात ही अट लिहून घ्यावी. हा स्टॉल आम्ही पालकांसाठीच ठेवला होता. अतिरिक्त चरबी, साखर व मीठ असलेले पदार्थ शाळेत किंवा आवारापासून ५० मीटरच्या आत विद्यार्थ्यांना विकण्यास २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. मुलांसाठी फळे, भाजलेले शेंगदाणे-फुटाणे ठेवावेत. कोणताही पदार्थ वर्तमानपत्राच्या कागदात देऊ नये.

६) लिलाव : संमेलनात मुलांनी स्वतः बनविलेल्या तीन वस्तूंचा लिलाव केला. एका मुलीने लिहिलेली खत्ताती ९०० रुपयांना, झाडांच्या पानांचा नावानिशी संग्रह ६०० रुपयांना आणि सावलीचे घड्याळ १,१०० रुपयांना गेले. एकूण २,६०० रुपये. सावलीच्या घड्याळाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुलांना वाटत होते की घड्याळात बारा वाजले की मध्यान्ह होते. फळीवर खुंटी रोवून रोज सावली मोजली तेव्हा कळले की आपल्याकडे ती सर्वांत लहान होते साडेबाराच्या आसपास, कारण भारतीय प्रमाणवेळ आपल्या पूर्वेकडील रेखांशाची आहे. जोहरची वेळ सूर्य ढळल्यानंतर का सुरू होते, हे त्यांना फळीवरच दिसले. ज्या बुजुर्गांनी ते घड्याळ घेतले त्यांनी ते मशिदीच्या अंगणासाठी दिले.

लिलाव हा काही परका प्रकार नाही. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात प्रसंग आहे. एक गरजू अन्सारी मदत मागण्यास आले. हजरत पैगंबर (स.) यांनी त्यांच्या घरातील एक कापड आणि एक पेला मागवून त्यांचा लिलाव केला. दोन दिरहम आले. एकातून घरी अन्न आणि दुसऱ्यातून कुऱ्हाड घेण्यास सांगितले. पंधरा दिवस लाकडे तोडून विकल्यावर त्यांच्याकडे दहा दिरहम जमले. हातात दान ठेवण्याऐवजी अवजार ठेवण्याचा हा धडा आपल्या शाळांना फार उपयोगी आहे. मात्र किंमत चढविण्यासाठी खोटी बोली लावणे शरीअतमध्ये निषिद्ध आहे. चांगल्या कामासाठीही ती लावू नये.

सर्व मिळून १३,२५० रुपये झाले. कमी पडलेले १,७५० रुपये बाजारातील चौघांनी लिल्लाह दिले. या वेळी पावती कोणी टोपलीत टाकली नाही, कारण कशासाठी दिले हे त्यांना माहीत होते.

जकात आणि मंडळाचा पैसा

काही बांधव मोठ्या मनाने म्हणाले, "आमची जकात घ्या." येथे सावध राहावयास हवे. जकातीचे आठ हक्कदार सूरह तौबामध्ये सांगितलेले आहेत. सूक्ष्मदर्शक, मैदानाचे सामान, कार्यक्रमाचा मांडव हे त्या यादीत बसत नाही. मंडळाचा लाभ सर्वच मुले घेतात, त्यांत खात्यापित्या घरचीही असतात. म्हणून जकातीची रक्कम मंडळाच्या पेटीत मिसळू नये. गरजू विद्यार्थ्याची फी किंवा पुस्तके यासाठी ती द्यावयाची असेल तर हक्कदार पाहून, आपल्या आलिमांना विचारून, वेगळी द्यावी. मंडळासाठी लिल्लाह आणि कमाई हेच दोन मार्ग बरे.

जाहिरातींबाबतही तेच. शाळेच्या वार्षिक अंकासाठी जाहिराती घेणे वाईट नाही, पण तंबाखू, पानमसाला यांचे पैसे शाळेत येऊ देऊ नयेत. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. मुलांना धड्यात एक शिकवायचे आणि अंकाच्या मलपृष्ठावर दुसरे दाखवायचे, हे शोभत नाही.

हिशेब हीच खरी पुंजी

कुरआनची सर्वांत दीर्घ आयत नमाज-रोजाविषयी नाही. ती सूरह बकरामधील देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीची आयत आहे. आपल्या संस्थांना याचाच विसर पडतो. "सगळे घरचेच आहेत" असे म्हणत हिशेब तोंडी ठेवला जातो आणि पुढे त्यातूनच भांडणे होतात. आम्ही पाच नियम केले :

पावतीबुकांना क्रमांक असावा आणि प्रत्येक पावतीची स्थळप्रत राहावी. रिकामे बुकही शाळेत परत यावे.

पैसा त्याच दिवशी शाळेच्या खात्यात जमा व्हावा. मोबाइलवरून पैसे घ्यायचे तर कोड शाळेच्या खात्याचा असावा, शिक्षकाच्या किंवा पालकाच्या खात्याचा नको.

खर्चाच्या कागदावर एक शिक्षक आणि एक पालक अशा दोन सह्या असाव्यात.

महिनाअखेरचा जमाखर्च फलकावर लागावा. शाळा सार्वजनिक न्यासाची असेल तर ही रक्कम न्यासाच्या हिशेबात यावी आणि लेखापरीक्षकांना दाखवावी.

देणाऱ्याला आयकरातील सवलत हवी असेल तर न्यासाकडे तशी मान्यता आहे काय हे आधी पाहावे. २,००० रुपयांवरील रोख देणगीला ही सवलत मिळत नाही. ती बँकेमार्फतच द्यावी.

कीर्द लिहिण्याचे काम मुलांकडे द्यावे. बाजारात रोज जमा आणि नावे यांच्यात वावरणाऱ्या आपल्या घरातील मुलांनाही कीर्दीवरून खतावणी कशी करतात हे ठाऊक नसते. मंडळाच्या पेटीवर ती हे शिकतील. उद्या दुकानावर बसली किंवा नोकरीस गेली, तरी हे शिक्षण वाया जाणार नाही.

मुलांकडून काम घेताना मर्यादाही हव्यात. तास बुडवून कोणाला बाजारात पाठवू नये. मुली एकट्या फिरणार नाहीत, सोबत शिक्षिका किंवा पालक असावेत. कोणालाही विक्रीचा आकडा ठरवून देऊ नये. कोणी किती आणले याची यादी वर्गात वाचू नये.

ही परंपरा आपलीच

विद्यार्थ्यांनी निधी उभारणे आपल्याकडे नवे नाही. अलीगढच्या एम.ए.ओ. कॉलेजात १८९० मध्ये साहबजादा आफताब अहमद खान यांच्या पुढाकाराने 'अंजुमन-अल-फर्ज', म्हणजेच ड्यूटी सोसायटी स्थापन झाली. त्या काळचे विद्यार्थी सुट्टीत गावोगाव जाऊन आपल्या गरीब सोबत्यांच्या शिक्षणासाठी निधी जमवीत. आपल्या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. घरोघरच्या मूठभर धान्यावर वसतिगृहे चालली आणि 'कमवा आणि शिका' या मार्गाने हजारो गरीब मुले शिकली. स्वयंपाक करताना मदरशासाठी चुटकीभर पीठ किंवा मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची चाल आपल्या घरांतही होती. देणारा लहान असला तरी मान ताठ राहते, असा हा मार्ग होता. तो आपण सोडला आणि पावतीबुक हाती घेतले.

व्यापारी व कारागीर बांधवांनो, आपल्या भागातील शाळेत एकदा जाऊन विचारा : येथे कोणते मंडळ आहे, त्याला काय हवे आहे? मग आपल्या दुकानाकडे पाहा. शिंपी असाल तर तुकडे असतील, सुतार असाल तर फळ्या असतील, मिस्त्री असाल तर रविवारचे चार तास असतील. दहाची नोट देऊन मुलांना वाटेला लावण्यापेक्षा हे देणे मोठे आहे. इन्शाअल्लाह त्यात बरकतही होईल.

परवा मुले पुन्हा दुकानावर आली. हाती पावतीबुक नव्हते, यंदाची यादी होती. मी सवयीने विचारले, "कशासाठी रे?" एकाने वही उघडून मागच्या वर्षाचा जमाखर्च माझ्यासमोर धरला. शिल्लक शून्य, सह्या दोन. अक्षर ओळखीचे वाटले म्हणून विचारले, तर कीर्द त्याच फॉल-पिको करणाऱ्या बाईंच्या मुलीने लिहिलेली होती. ती मंडळात परत आली आहे.